सुईचा कित्ता: जुन्या जर्मन भरतकामांतील चिन्हें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या हस्तकामाच्या प्रदर्शनप्रसंगीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त येथील भगिनींनीं मांडलेलें हस्तकाम आपण सर्वांनीं आतांच पाहिलें. वेदीवरील वस्त्रें, बाप्तिस्म्याचीं अंगडीं-टोपडीं, उशांचे अभ्रे व रुमाल एकाच मांडवांत पाहावयास मिळाले हें आपलें भाग्य होय. ह्या प्रसंगीं आम्हीं चार शब्द बोलावे अशी मंडळाची इच्छा पडली. टाका कसा घालावा हें आम्ही तुम्हांस सांगूं लागलों, तर जाणत्यांपुढें अजाणत्यानें पांडित्य केल्यासारखें होईल. म्हणून ज्याचा धर्माशीं व ख्रिस्तसभेच्या इतिहासाशीं संबंध आहे, असा सुईकामांतीलच एक विषय आम्हीं निवडला आहे. तो म्हणजे जर्मन देशांतील जुनीं नमुन्याचीं कापडें आणि त्यांवर भरलेलीं चिन्हें.

जर्मन भाषेंत ह्या कापडाला 'मुस्टरटूख' म्हणतात. 'मुस्टर' म्हणजे नमुना आणि 'टूख' म्हणजे कापड. त्याचें दुसरें जुनें नांव 'मोडेलटूख'. हा 'मोडेल' शब्द लॅटिन 'मोडुलुस', म्हणजे माप, ह्यापासून आला आहे. इंग्रजींत त्याच कापडाला 'सॅम्प्लर' म्हणतात, व त्या शब्दाचें मूळ लॅटिन 'एक्झेम्प्लुम', म्हणजे उदाहरण, ह्या शब्दांत सांपडतें. मराठींत ह्यासाठीं एक घरगुती शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे कित्ता. पूर्वीं पंतोजी मुलाच्या हातीं अक्षरांचा कित्ता देत व मूल तो गिरवी. त्याचप्रमाणें आई, आजी किंवा मठांतील धर्मभगिनी मुलीपुढें सुईचा कित्ता ठेवी. फरक इतकाच कीं, येथें दुसऱ्याचा कित्ता उतरतां उतरतां मुलीचा स्वतःचा कित्ता तयार होई, व तो ती जन्मभर जवळ बाळगी. पुढें केव्हां एखादें फूल अथवा अक्षर भरावयाचें झालें, म्हणजे तें कापड उलगडावयाचें, टाके मोजावयाचे आणि नमुना उतरून घ्यावयाचा, अशी रीत होती.

कापड बहुधा लिननचें असे. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या देंठांतील तंतूंचें कापड. आपल्याकडे जवसाचें तेल काढतात व चटणी करतात; युरोपांत त्याच झाडापासून सूत काढीत. ह्या कापडाचे उभे व आडवे धागे मोजतां येतात, आणि ह्या मोजणींतच ती सारी कला आहे. कापडावर आधीं चित्र रेखाटीत नसत. ठराविक धागे ओलांडून एक तिरपा टाका घालावयाचा, त्यावर उलट दिशेनें दुसरा घालावयाचा, म्हणजे एक फुली झाली. अशा फुल्यांचींच अक्षरें होत, पांखरें होत, आणि क्रूसहि होई. मोजणी एका धाग्यानें चुकली, तर ती चूक तेथल्या तेथें डोळ्यांत भरत नाहीं. किनार चारी बाजूंनीं फिरून कोपऱ्याशीं आली म्हणजे दोन टोकें जुळत नाहींत, तेव्हां ती कळते. मग उसवण्यावांचून गत्यंतर नसतें.

दुसरा एक टाका दुहेरी धांवदोऱ्याचा. जातांना एक टाका घालावयाचा व एक जागा सोडावयाची. परततांना सोडलेली जागा भरीत यावयाचें. काम नेटकें झालें म्हणजे कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. युरोपांत ह्याला 'हॉलबाइन टाका' म्हणतात, कारण आउग्सबुर्ग येथें जन्मलेला सोळाव्या शतकांतील चित्रकार हान्स हॉलबाइन (धाकटा) ह्यानें काढलेल्या व्यक्तिचित्रांत बाह्यांच्या कडांवर असें काम दिसतें. आपल्या शेजारच्या धारवाड भागांतील कसुतींत 'गवंती' नांवाचा टाका असतो, तो हाच. ज्या भगिनींनीं कसुती भरलेलें इरकली लुगडें पाहिलें असेल, त्यांना जर्मन कामाची कल्पना करणें कठीण जाणार नाहीं. दोन्ही ठिकाणीं धागे मोजूनच काम चालतें, म्हणून दोन्ही ठिकाणचीं फुलें व पांखरें सारखींच कोनेदार दिसतात.

आतां अशीं कापडें करण्याचें प्रयोजन काय, तें पाहूं. जुन्या जर्मन घरांत चादरी, अभ्रे व पुसणीं डझनांनीं असत. मोठी धुलाई वर्षांतून कांहीं ठराविक वेळांच होई, व धुतलेलें कापड गवतावर उन्हांत पसरून पांढरें करीत. कोणाचें कापड कोणतें व कितवें, हें कळावें म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यांत मालकिणीच्या नांवाचीं आद्याक्षरें व एक आंकडा भरीत. ह्या खुणेसाठीं तांबडा दोरा विशेष पसंत करीत, कारण मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून केलेला पक्का तांबडा रंग उकळत्या पाण्यांतहि टिके. म्हणून नमुन्याच्या कापडावर वर्णमाला व आंकडे जवळजवळ ठरलेलेच असत. जुन्या कापडांवर 'आय' व 'जे' ह्या दोन अक्षरांस पुष्कळदां एकच आकृति आढळते, कारण त्या काळीं तीं निराळीं अक्षरें मानीत नसत. कित्येक मुलींची अक्षरओळख पाटीपेक्षां ह्या कापडावरच अधिक झाली असेल.

घरच्या कापडांना जी गरज, तीच देवळांतील वस्त्रांना. पवित्र मिस्सेच्या वेळीं प्रभूचें शरीर ज्यावर ठेवावयाचें, तें कॉर्पोरल लिननचेंच असावें असा ख्रिस्तसभेचा जुना दंडक होता. त्या वस्त्रांवर लहानसा क्रूस किंवा येशूच्या नांवाचें तीन अक्षरी संक्षिप्त रूप भरावें लागे. तें अक्षररूप व त्याबरोबर मरियामातेच्या नांवाचें गुंफलेलें चिन्ह जर्मन कापडांवर वारंवार भेटतें. मुलगी आज घरच्या अभ्र्यासाठीं अक्षर शिके, आणि तोच हात उद्यां वेदीच्या कामीं येई.

हे नमुने येत कोठून? पुष्कळसे हातांतून हातांत; परंतु सोळाव्या शतकांत त्यांना छापखान्याचें साहाय्य मिळालें. १५२४ सालीं झ्विकाउ ह्या गांवीं योहान शॉन्सपर्गर (धाकटा) ह्यानें नमुन्यांचें एक पुस्तक छापलें. आज उपलब्ध असलेल्या अशा छापील पुस्तकांत तें अत्यंत जुन्यांपैकीं होय. १५२७ सालीं कोलोन येथें पेटर क्वेंटेल ह्यानें दुसरें काढलें. १५९७ सालीं न्युरेंबर्ग येथें योहान सिबमाखर ह्याचें पुस्तक निघालें. त्यांत कागदावर चौकटी आंखून नमुने दिले होते, एक चौकट म्हणजे एक टाका. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याच शहरांत रोझिना हेलेना फ्युर्स्ट ह्या बाईनें नमुन्यांचीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं. त्याच सुमारास मारिया सिबिला मेरियन ही विदुषी १६७० पासून न्युरेंबर्ग येथें राहून मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवीत असे. १६७५ ते १६८० ह्या काळांत तिनें फुलांचें एक पुस्तक तीन भागांत काढलें, तें भरतकामासहि उपयोगी पडावें असा तिचा हेतु होता. हीच बाई पुढें कीटकांच्या जीवनक्रमाच्या अभ्यासासाठीं १६९९ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशीं गेली व जगद्विख्यात झाली. हीं पुस्तकें वापरून वापरून फाटलीं, पानें कापून वांटलीं गेलीं, म्हणून त्यांच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत. कापड मात्र पेटींत घडी करून ठेवलेलें राहिलें. न्युरेंबर्ग, बर्लिन व लंडन येथील संग्रहालयांत तें आज पाहावयास मिळतें.

आतां चिन्हांकडे वळूं. ह्या कापडांवर सर्वांत अधिक भेटणाऱ्या धर्मचित्रांत पहिलें म्हणजे आदाम व एवा. मध्यें फळांनीं लगडलेलें झाड, बुंध्याला वेढा घातलेला सर्प, आणि दोन्ही बाजूंस दोन लहान मानवाकृति. धागे मोजून काम करणाऱ्या मुलीला हें चित्र सोयीचें पडे, कारण झाडाची डावी व उजवी बाजू सारखी असते. एक बाजू मोजली म्हणजे दुसरी आपोआप जमते.

दुसरें चित्र गणना ह्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांतील. कनान देश हेरण्यास गेलेले लोक द्राक्षांचा एक घड दोघांच्या खांद्यांवर दांडी ठेवून वाहून आणतात. परंपरेनें त्या दोघांना यहोशवा व कालेब म्हणतात. दोन माणसें, मध्यें आडवी दांडी व खालीं लोंबणारा अवाढव्य घड, एवढेंच तें चित्र; पण ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांनीं त्या लांकडावरील घडांत क्रूसावर टांगलेल्या प्रभूची छाया पाहिली. द्राक्षें पिळल्यावांचून रस नाहीं, व तो रस आपण वेदीवरील पात्रांत ओळखतों. त्या दोघांत जुना व नवा करार पाहण्याचीहि चाल आहे, दोघांच्याहि खांद्यांवर भार एकच.

तिसरें, आणि आमच्या मतें सर्वांत हृदयस्पर्शी, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचीं साधनें. लॅटिन भाषेंत त्यांना 'आर्मा क्रिस्ती', ख्रिस्ताचीं शस्त्रें, म्हणतात. क्रूस, कांट्यांचा मुगुट, तीन खिळे, हातोडा, सांडशी, शिडी, भाला, वेताच्या टोंकावरील स्पंज, खांब व चाबूक, पेत्राला त्याच्या नाकारण्याची आठवण देणारा कोंबडा, यहूदाचीं तीस नाणीं, फांसे आणि प्रभूचा अंगरखा. कधीं हीं सारीं साधनें क्रूसाभोंवतीं मांडलेलीं असतात. कधीं जागा उरेल तशीं कापडभर विखुरलेलीं. त्या काळचे सरदार आपापल्या ढालीवर कुळाचीं चिन्हें मिरवीत. ज्या सिबमाखरनें नमुन्यांचें पुस्तक काढलें, त्यानेंच १६०५ सालीं सरदारघराण्यांच्या चिन्हांचेंहि एक पुस्तक प्रसिद्ध केलें. ख्रिस्ती माणसाच्या राजाचीं कुलचिन्हें मात्र शिडी, खिळे व सांडशी हीं. ह्यांतील अंगरख्याकडे भगिनींनीं विशेष लक्ष द्यावें. संत योहान सांगतो कीं, तो वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता, त्याला शिवण नव्हती, व म्हणूनच शिपायांनीं तो न फाडतां त्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या. बिनशिवणीच्या वस्त्राची किंमत काय, हें सुई धरणाऱ्या हाताला पंडिताहून अधिक कळतें.

ह्याशिवाय क्रूसध्वज धारण केलेलें देवाचें कोंकरूं आहे, बेचाळिसाव्या स्तोत्राची आठवण देणारें हरिण आहे, आणि पेलिकन पक्षी आहे. हा पक्षी आपली छाती चोंचीनें फोडून पिलांना स्वतःच्या रक्तानें जगवितो अशी प्राचीन काळीं समजूत होती. पक्षिशास्त्राच्या दृष्टीनें ती खरी नव्हे. पण संत थोमास अक्विनास ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ख्रिस्तशरीराच्या एका लॅटिन स्तोत्रांत प्रभूला पेलिकन म्हटलें आहे, आणि तें चित्र वेदीपासून मुलीच्या मांडीवरील कापडापर्यंत पोंचलें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आम्हां धर्मगुरूंना प्रत्येक पानाफुलांत प्रवचन दिसूं लागतें, व ती संवय सत्याला नेहमींच मानवत नाहीं. जर्मन कापडांवर ट्युलिपचें फूल विपुल आहे. कोणी त्याच्या तीन पाकळ्यांत पवित्र त्रैक्य पाहतात. परंतु ट्युलिप हें फूल तुर्की मुलुखांतून सोळाव्या शतकाच्या मध्यास जर्मन बागांत आलें. कोनराट गेस्नर ह्या शास्त्रज्ञानें तें १५५९ सालीं आउग्सबुर्ग येथें पाहून त्याचें वर्णन लिहून ठेवलें. तें नवें होतें, सुरेख होतें, व चौकटींत बसविण्यास सोपें होतें, एवढें कारण मुलींना पुरेसें वाटलें असावें. हॅम्बुर्गजवळील फीरलांडे ह्या भागांतील कापडें पाहा. तेथें पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमानें तारे व नक्षी भरीत. त्या प्रत्येक ताऱ्याला बेथलेहेमचा तारा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाहीं.

उलट कांहीं ठिकाणीं साध्या दिसणाऱ्या फुलांत खरोखरच अर्थ दडलेला असतो. कार्नेशन ह्या फुलाला जर्मन भाषेंत 'नेल्के' म्हणतात. तो शब्द 'लहान खिळा' ह्या अर्थाच्या जुन्या शब्दापासून झाला आहे. मूळ तो लवंगेला लावीत, कारण लवंग खिळ्यासारखी दिसते. पुढें लवंगेसारखा सुवास असलेल्या ह्या फुलालाहि तेंच नांव मिळालें. म्हणून जुन्या चित्रकारांनीं बाळ येशूच्या किंवा मरियामातेच्या हातीं हें फूल दिलें, तेव्हां पाहणाऱ्याला पुढच्या खिळ्यांची आठवण होई. मोराचीहि तशीच गोष्ट. मोर हा मूळ आपल्या देशचा पक्षी; येथून तो पश्चिमेकडे गेला. त्याचें मांस कुजत नाहीं अशी समजूत होती, व संत आगुस्तीन ह्यांनीं 'देवनगरी' ह्या ग्रंथांत कार्थेज येथें त्यांना स्वतःला त्याचा कसा अनुभव आला तें लिहिलें आहे. त्यामुळें मोर अमरत्वाचें चिन्ह झाला. तेव्हां चिन्ह वाचतांना आधीं वस्तु ओळखावी, तिचा इतिहास पाहावा, आणि मगच अर्थ लावावा.

ह्या सर्व इतिहासांत एका गोष्टीनें आमचें मन विशेष वेधून घेतलें आहे. पहिलीं पुस्तकें छापलीं गेलीं तो काळ ख्रिस्तसभेच्या अंगावर मोठी चीर पडण्याचा काळ होता. ल्यूथरचा वाद १५१७ सालीं पेटला. झ्विकाउ हें गांव लवकरच नव्या पंथाकडे गेलें; न्युरेंबर्ग शहरानें १५२५ सालीं तो स्वीकारला; कोलोन शहर मात्र कॅथोलिक राहिलें. पुढें १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षें ज्या युद्धानें जर्मन देश उध्वस्त केला, त्याच्या मुळाशीं हाहि भेद होता. पण नमुने ह्या सीमा मानीत नव्हते. कोलोनचें पुस्तक असो कीं न्युरेंबर्गचें, क्रूस, शिडी, खिळे, कोंकरूं व पेलिकन हीं चिन्हें कॅथोलिक मुलीहि भरीत व ल्यूथरपंथी मुलीहि भरीत. केवळ कापड पाहून तें कोणत्या घरचें हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं. पापमुक्त ठरण्यासंबंधींच्या ज्या मुद्द्यावर तो वाद मुख्यतः पेटला होता, त्यावर कॅथोलिक ख्रिस्तसभा व ल्यूथरपंथीयांचा जागतिक संघ ह्यांनीं संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, आणि त्याहि आउग्सबुर्ग येथेंच. दोन्ही बाजूंच्या पंडितांना एका वाक्यावर येण्यास जवळजवळ पांच शतकें लागलीं. त्या साऱ्या काळांत मुली एकाच प्रभूच्या एकाच क्रूसाचे टाके मोजीत होत्या. आम्ही पंडितांना कमी लेखीत नाहीं. तें काम व्हावयास हवेंच होतें. परंतु श्रद्धा टिकविणारे ते एकटेच नव्हते, हेंहि विसरूं नये.

ह्या कापडांची चाल मंदावली ती दुसऱ्याच कारणानें. १८०४ च्या सुमारास बर्लिन येथें फिलिपसन ह्यानें चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने विकण्यास आरंभ केला, व १८१० पासून विटिख ह्यानें तो धंदा पुष्कळ वाढविला. कोणता टाका कोणत्या रंगाचा हें कागदावरच कळूं लागल्यावर, नमुना स्वतःजवळ साठवून ठेवण्याची गरज उरली नाहीं. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठवर्गी मुळांतील तांबडा रंग प्रयोगशाळेंत तयार केला. १८९७ सालीं कृत्रिम नीळहि जर्मनींतून बाजारांत आली आणि आपल्या देशांतील निळीच्या शेतीस तिनें मोठा धक्का दिला. नमुन्याचें कापड शाळेंतल्या मुलींचा एक धडा होऊन राहिलें, मग भिंतीवरची शोभा झालें, व शेवटीं संग्रहालयांत गेलें.

जर्मन ख्रिस्ती लोकांचा व आपला संबंध केवळ पुस्तकी नाहीं. १८५३ सालीं म्युनिकजवळील निम्फेनबुर्ग येथील धर्मभगिनी पाटण्यास आल्या व त्यांनीं तेथें मुलींचें शिक्षण सुरू केलें. त्यांना बोलावणारे बिशप हार्टमान ह्यांनींच त्या काळांत मुंबईचाहि कारभार पाहिला. पुढें जर्मन जेझुईट धर्मगुरूंनीं १८६९ सालीं मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेज काढलें, आणि १८७८ पासून तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत खेडोपाडीं कार्य केलें. त्यांच्यांतीलच फादर हेन्री डोरिंग, जे १९०७ सालीं पुण्याचे बिशप झाले, त्यांनीं १९०३ सालीं आपलें मराठी मासिक 'निरोप्या' सुरू केलें. ह्या सर्वांचीं नांवें आपल्याजवळ आहेत, तारखा आहेत. पण त्यांच्या अंगावरील मिस्सेचीं वस्त्रें कोणी शिवलीं, त्यांच्या वेदीवरील किनार कोणी भरली, हें आपल्याला ठाऊक नाहीं.

आणि आतां आम्ही मूळ मुद्द्यावर येतों. जर्मन मुलीनें आपल्या कापडावर निदान नांवाचीं दोन अक्षरें व सालाचे चार आंकडे भरून ठेवले. ती कोण, कोणाची, पुढें तिचें काय झालें, हें बहुधा कळत नाहीं. तरी एक जीव ह्या वर्षीं येथें बसून प्रभूच्या खिळ्यांचे टाके मोजीत होता, एवढें तरी आपण जाणतों. आमच्या धर्मग्रामांत तेवढेंहि नाहीं. आपल्या दप्तरांत बाप्तिस्म्याची वही आहे, लग्नांची आहे, मृतांची आहे. देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं आहेत. पन्नास वर्षें ज्या हातांनीं वेदीचीं वस्त्रें शिवलीं, धुतलीं, इस्त्री केलीं व रफू केलीं, त्यांची नोंद कोठेंच नाहीं. शिवाय आशीर्वादित वेदीवस्त्र जीर्ण झालें म्हणजे तें चिंध्या म्हणून न वापरतां आदरपूर्वक जाळावें, ही आपली रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा कीं, वस्त्राबरोबर तें करणारीची खूणहि नाहींशी होते. आज प्रदर्शनांत मांडलेल्या कित्येक वस्तूंवर 'माहीत नाहीं' अशी चिठ्ठी लावावी लागली, हें तुम्हीं पाहिलेंच आहे.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आम्हीं दोन गोष्टी ठरविल्या आहेत. पहिली ही कीं, आजपासून दप्तरांत एक निराळी वही राहील. तींत देवळासाठीं हातकाम करणाऱ्या प्रत्येक भगिनीचें नांव, वस्त्र कोणतें, चिन्ह कोणतें व साल कोणतें हें लिहिलें जाईल. ज्या आतां देवाघरीं गेल्या, त्यांचीं नांवें तुमच्यापैकीं वृद्धांना जेवढीं आठवतात तेवढीं ह्या महिन्यांतच आम्हांला येऊन सांगावीं. पुढच्या वर्षीं त्यांतलीं कांहीं सांगणारें कोणी उरणार नाहीं. दुसरी गोष्ट तुम्हीं करावयाची आहे. ज्यांच्या बोटांत हें काम आहे, त्यांनीं प्रत्येकीनें एका मुलीला जवळ बसवावें. यंत्रावर भरतकाम आज सुरेख होतें व स्वस्त पडतें. त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण यंत्रावर क्रूस भरला जात असतां कोणा मुलाला खिळे तीनच कां, कोंबडा कां, अंगरख्याला शिवण कां नाहीं, असा प्रश्न सुचत नाहीं. मांडीवर कापड घेऊन हळूहळू मोजणाऱ्या मुलीला तो सुचतो, आणि शेजारीं बसलेल्या आजीला त्याचें उत्तर द्यावें लागतें. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही जें सांगतों, त्याहून तें उत्तर अधिक काळ टिकतें, असा आमचा अनुभव आहे.

शेवटीं एकाच शब्दाकडे तुमचें लक्ष वेधतों. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयीं लिहितांना जो मूळ ग्रीक शब्द योजतो, त्याचा अर्थ मुलांनीं अक्षरें गिरवावीं म्हणून लिहून दिलेला नमुना असा आहे. लॅटिन भाषांतरांत तेथें 'एक्झेम्प्लुम' आहे, ज्यापासून ह्या कापडाचें इंग्रजी नांव निघालें. आणि आपल्या मराठी बायबलांत त्या ठिकाणीं 'कित्ता' हाच शब्द आला आहे. प्रभूनें दुःख सोसून आपल्यापुढें कित्ता ठेवला. तो वाचून किंवा पाहून संपत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या कापडावर, आपल्या सुईनें, टाका टाका मोजून उतरावयाचा असतो. चुकलें तर उसवावें आणि पुन्हां धागे मोजावे. आपल्या आधींच्यांनीं पन्नास वर्षें हेंच केलें. पुढच्या पन्नास वर्षांचें कापड आतां आपल्या मांडीवर आहे. पवित्र मरियामाता आपल्या हातांना स्थैर्य व डोळ्यांना प्रकाश मिळवून देवो, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.